सोळा तासांचा उपास आणि कॅन्सर ‘खाणारं’ शरीर

आषाढी जवळ आली की इंदूरच्या मराठी घरांतल्या फोनवर हा मजकूर हमखास फिरतो: ‘१६ तास उपाशी राहा. सोळावा तास भरला की ऑटोफॅजी सुरू होते आणि शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं. जपानी शास्त्रज्ञाला याचंच नोबेल मिळालं. आपली एकादशी म्हणजे हेच.’

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचाच मोडका माल पुड्यांत बांधून पचवणं. आधी नोबेल. योशिनोरी ओसुमींना २०१६चं पारितोषिक मिळालं ते पाव फुगवणाऱ्या यीस्टवरच्या कामासाठी. व्हॅक्युओल नावाच्या पोकळीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम नसलेलं यीस्ट त्यांनी नायट्रोजनविना उपाशी ठेवलं. पचन अडलं, पुड्या आत साचल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. पुढे त्यांनी ही क्रिया नियंत्रित करणारी जनुकं हुडकली. माणसाचा उपास त्या प्रयोगांत कुठेच नव्हता.

सोळावा तास? पेशी तास मोजत नाही, माल मोजते. ल्युसीन, आर्जिनीन ही अमिनो आम्लं पुरेशी असली की एमटॉर-सी-१ हे प्रथिनसंकुल लायसोसोम या पेशीतल्या पचन-पिशवीच्या पृष्ठभागावर ओढलं जातं. इन्सुलिन टीएससी या प्रथिनसंकुलाचा ब्रेक सोडवतं, त्याने अडवलेलं ऱ्हेब हे प्रथिन मोकळं होतं आणि एमटॉर चालू होतं. ते पुड्या बांधायला सुरुवात करणाऱ्या युएलके-१ या एन्झाइमवर फॉस्फेट चिकटवून पुड्या बांधण्याचं काम रोखतं. माल आटला की ही पकड सुटते. एटीपी हे पेशीचं इंधन घटून एएमपी हे त्याचं खर्च झालेलं रूप वाढलं की एएमपीके हे एन्झाइमही युएलके-१ ला जागं करतं. यकृतात, स्नायूत, मेंदूत याचा वेग वेगवेगळा. शिवाय ऑटोफॅजी पोटभर जेवल्यावरही मंद चालूच असते: चेतापेशींतून ऑटोफॅजीला लागणारं एटीजी-५ जनुक काढलेले उंदीर खाऊनपिऊनही मेंदूच्या ऱ्हासाने खंगतात.

बरं, सोळा तासांनी ‘सुरू झाली’ हे पाहिलं कसं? पुड्यांवर चिकटणारं एलसी-३-टू हे खूणप्रथिन वाढलं, तर पुड्या जास्त बनताहेत किंवा बनलेल्या पचत नाहीत, दोन्ही शक्य. म्हणून प्रयोगशाळेत बॅफिलोमायसिनने पचन अडवून आणि न अडवता, असं दोनदा मोजतात. जिवंत माणसाच्या यकृतावर ही तुलना कोण करणार!

कॅन्सरचा दावा तर मुळातच उफराटा. ऑटोफॅजीत पेशी स्वतःचाच मोडका माल पचवते, शेजारची पेशी खात नाही. ट्यूमर बनण्याआधी ही सफाई उपयोगी पडते; बनल्यावर मात्र उपासमारीत तगायला पेशीची वाढ चालवणारं रॅस जनुक बिघडलेल्या बऱ्याच गाठी तिचाच आधार घेतात. म्हणूनच ती अडवणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध कॅन्सररुग्णांवर तपासलं गेलं. आधीच वजन घटत असलेल्या रुग्णाला हा मेसेज पाठवणं म्हणजे शुद्ध अपाय.

आणि एकादशी! सराफा बाजारातली साबुदाणा खिचडी घ्या, वर फराळी मिक्स्चर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याने इन्सुलिन चढतं. शेंगदाण्याच्या कुटात आर्जिनीन भरपूर. म्हणजे एमटॉरला हव्या त्या दोन्ही गोष्टी एकाच दोन्यात. खिचडी जरूर खा, श्रद्धेने खा. फक्त तिला ऑटोफॅजी म्हणू नका.

मेसेजमध्ये नसलेली ओळ एकच: ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असलेल्या मधुमेहींनी डोस डॉक्टरांकडून ठरवून घेतल्याशिवाय सोळा तास काढू नयेत. साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली, घाम-थरथर सुरू झाली, तर उपास तिथेच मोडून १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी.