डॉल्फिनला गोळ्या घाला म्हणे!

तो माणूस अजून डोक्यातून जात नाहीये. मालवणच्या मासळी बाजारात, बांगड्याच्या वाट्यावर वाकून, एकेका बांगड्याचे कल्ले उघडून बघत आणि बघून झालं की परत खाली टाकत, हा गृहस्थ अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता की मासळी महाग झाली ती डॉल्फिनांमुळे. "सरकारने नेव्ही बोलवावी आणि दोन-चारशे घालवावेत. एकदाच. विषय संपला." विषय संपला! चर्चा सुरू व्हायच्या आधीच विषय संपवणाऱ्या माणसांशी माझं जन्मात पटलेलं नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्याच जातीचे. पाण्याच्या टाकीचा विषय ते असाच दरवर्षी संपवतात आणि आम्ही दरवर्षी मे महिन्यात बादल्या घेऊन रांगेत उभे.

बरं, इतके कल्ले उघडून बांगडा तरी घेतला? छे. शेवटी मासेवाल्या मावशीच म्हणाल्या, "घेवचा आसा तर घे, नायतर वाट सोड." मग स्वारी पलीकडच्या पाटीवर गेली, तिथे वीस रुपयांसाठी घासाघीस केली आणि अर्धा किलो मोरी घेतली. मोरी! शार्क, साहेब, शार्क! समुद्रातला एक शिकारी पिशवीत कोंबून हा दुसऱ्या शिकाऱ्याला फाशी सुनावत होता. वर जाता जाता मला, ओळख ना पाळख, "काय, बरोबर ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने कोपर मारलं. तिला माहीत आहे, मी एकदा सुरू झालो की पिशवीतली मासळी नरम पडते. तर आता इथे ऐका.

ज्याचं जाळं फाटतं, त्याने डॉल्फिनला शिव्या दिल्या तर मी गप्प ऐकून घेईन. पहाटे न्हय, म्हणजे मासळीचं जाळं, घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात अर्धे खाल्लेले मासे आणि भोकं पडलेलं जाळं येतं, तेव्हा त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याची, डॉल्फिनला संरक्षण देणारी पहिली अनुसूची वाचून दाखवण्याचा नालायकपणा कोणी करू नये. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्यात जाळं कापून संरक्षित जीव सोडला तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. पण ती जीव सोडवल्याची. डॉल्फिनने जाळ्यातले मासे ओरबाडून नेले त्याचे पैसे कोण देणार? तिथे माझी सहानुभूती पूर्णपणे होडीवाल्याच्या बाजूने आहे. पण हा कल्लेउघड्या होडीवाला नव्हता. ह्याचं आयुष्यात काही फाटलं असेल तर ती प्लॅस्टिकची पिशवी.

आणि रात्री किनाऱ्यावरून समोर समुद्रात होड्यांच्या दिव्यांनी जे अख्खं गाव वसल्यासारखं लखलखतं, ते काय डॉल्फिनांनी वीज जोडणी घेतलीय? एलईडीच्या झगझगाटाने मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या भल्यामोठ्या जाळ्यावर, राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. किती जाळी, कुठल्या महिन्यात, कुठल्या हद्दीत, सगळं कागदावर आहे. कागद फार सुंदर आहे. मालवणातले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडून घसा कोरडा करतायत, मोर्चे काढतायत, आणि ह्याला गुन्हेगार सापडला कोण, तर दोन मिनिटांनी एकदा पाठ वर काढून श्वास घेणारं जनावर! २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी ४५ वर्षांतल्या नीचांकावर गेली, सुमारे दोन लाख टन. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आली, होड्या किनाऱ्याला बसून राहिल्या. डॉल्फिनांनी वादळंही आणली असतील, सांगता येत नाही.

शिकारी मारला की मासे वाढतात, हे गणित ज्याने मांडलं त्याला मला एकदा भेटायचंय. केंड घ्या. जाळी कुरतडून कुरतडून ह्या माशाने इथल्या लोकांना रडवलंय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केंड वाढण्याचं एक कारण काय दिलंय? त्याला खाणारा मोडोसा हा मोठा मासा आपण उपसून काढला. म्हणजे शिकारी आपण आधीच मारलाय, आणि त्याचं बिल जाळ्यावर येतंय.

कॅनडात न्यूफाउंडलंडला कॉड मासा संपला, १९९२ साली मासेमारी बंद झाली, तीसेक हजार माणसं एका फटक्यात घरी बसली. समुद्र खरवडून काढला होता ट्रॉलरांनी. मंत्र्यांनी बोट कोणाकडे दाखवलं? सीलकडे! मग वर्षाला लाखांच्या हिशेबात सील मारले. कॉडवरची ती बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ उजाडलं. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या मुखाशी पाणकावळे सॅमनची पिल्लं खातात म्हणून २०१५ पासून हजारोंनी गोळ्या घातल्या, पिल्लं निघू नयेत म्हणून अंड्यांवर तेल ओतलं. पक्षी शहाणे निघाले. उठून नदीत वरच्या बाजूला पुलावर जाऊन बसले. मुखाशी असताना समुद्रातलं इतर काहीबाही खायचे, वर गेल्यावर सॅमनच जास्त मिळायला लागला. सरकारी पैशाने बदली झाली, तीही सोयीच्या ठिकाणी!

आता कोणीतरी हुशार अमेरिका-कॅनडामधल्या ग्रेट लेक्स सरोवरांतल्या लॅम्प्रीचं, म्हणजे दुसऱ्या माशांना चिकटून रक्त पिणाऱ्या माशाचं, उदाहरण फेकेल. मान्य. ओढ्यांत औषध टाकून तिच्या अळ्या मारतात, १९५८ पासून चाललंय, आणि त्याने तिथले मासे वाचले. पण ती बाहेरून आत घुसलेली. आपले डॉल्फिन कुठून घुसले? आपणच त्यांच्या हद्दीत होड्या नेऊन "डॉल्फिन बघा, डॉल्फिन" करत त्यांच्या मागे इंजिनं पिटाळतो. त्या होडीत मागे गाणी लावणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे, तो पुन्हा कधीतरी.

एवढं सगळं मी घरी स्वयंपाकघरात तारस्वरात सांगत होतो, आणि तेवढ्यात मागच्या दाराने शेजारचं मांजर येऊन ताटातला बांगडा घेऊन गेलं. मी चप्पल घेऊन अंगणभर धावलो. तोंडातून काय काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण नेव्हीची गरज नव्हती एवढं खरं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "विषय संपला?"

नाही संपला. कारण पापलेट राहिलंय. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, त्याच साली ५४ प्रकारच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटरच्या खालचं पकडायचं नाही. आणि त्याच बाजारात कानवल्याएवढ्या पापलेटांचे वाटे लावलेले, "फ्राय करूक बरी" म्हणून, आणि लोक तुटून पडलेले! पिल्लं आपणच तळून खायची आणि मोठे मासे कुठे गेले म्हणून समुद्राकडे बोट दाखवायचं. पुढच्या खेपेला मी पिशवीत फूटपट्टी घेऊन जाणार आहे. घरी तसं जाहीर केलं, तर उत्तर आलं, "मग बाजारात एकटेच जा. आणि मासे साफही तुम्हीच करा."