बाँड, आप्पा आणि ओटीपी

आमच्या गंगापूर रोडच्या घरात टीव्हीचे पैसे मी भरतो, पासवर्ड पुण्याला शिकणाऱ्या चिरंजीवांकडे असतो आणि रिमोट आप्पांच्या उशीखाली. म्हणजे मालक मी आणि चालतं बाकी सगळ्यांचं.

रविवारी संध्याकाळी आप्पांनी फर्मान काढलं, "ऑक्टोपसी लाव." हा त्यांचा लाडका बाँडपट, 1983 चा. अर्धा उदयपुरात घडतो. त्यात विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंड बडवतो आणि रॉजर मूर रिक्षात बसून पळतो. आप्पांच्या मते हा बाँडच्या आयुष्यातला सर्वांत सोपा पाठलाग. "नाशकात आला असता तर सीबीएस बसस्टँडला चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसला असता. आणि रिक्षा भरल्याशिवाय निघाली नसती."

मी शोधायला घेतला. गेल्या महिन्यात होता त्या ॲपवरून तो निघून गेलेला. दुसऱ्या ॲपने लॉगिन मागितलं. लॉगिनने ओटीपी मागितला. ओटीपी गेला पुण्याला. चिरंजीवांचा फोन बंद.

या मोकळ्या वेळात आप्पांच्या मोबाइलवर, त्यांच्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. 2025 च्या ऑक्टोबरातली भानगड, पण त्या ग्रुपवर सगळं सावकाशच पोचतं. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने बाँडच्या जुन्या सिनेमांच्या पोस्टरांतली पिस्तुलं पुसून टाकली होती. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ती पोस्टरं हटवली, हा भाग वेगळा. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यातल्या जुन्या बाँडला, शॉन कॉनरीला, जवळून न्याहाळलं.

"हाताची घडी, तोंडावर बोट," आप्पा म्हणाले. "हा काय गुप्तहेर? याला तर बाईंनी वर्गाबाहेर उभं केलंय."

मी समजावून सांगायला गेलो, हीच माझी चूक. म्हटलं, आप्पा, बाँड आता त्यांचाच आहे. 2022 मध्ये ॲमेझॉनने 845 कोटी डॉलर मोजून बाँडपटांची एमजीएम कंपनी घेतली, तरी कुठली गोष्ट, कुठला नट, हे ठरवायचा हक्क बाँडपटांची निर्माती बार्बरा ब्रॉकली आणि तिचा सावत्रभाऊ मायकेल विल्सन यांच्याकडेच होता. 1962 पासून घरचाच धंदा! मग फेब्रुवारी 2025 मध्ये तोही हक्क कंपनीकडे गेला. दोघं मालकीत भागीदार राहिले, एवढंच. त्याच दिवशी ॲमेझॉनच्या बेझोस साहेबांनी जगालाच विचारलं, पुढचा बाँड कोण हवा?

"म्हणजे सातबारा दोघांच्या नावावर आणि विहिरीची मोटर शेजाऱ्याच्या हातात."

"तसंच काहीसं. पण दिग्दर्शक चांगला घेतलाय, डेनी व्हिलनव्ह."

"घेतला असेल. आपल्या फाळक्यांचं काय झालं?"

नाशकात सिनेमाचा कुठलाही विषय तिसऱ्या वाक्याला फाळक्यांवर येतो. यावेळी मात्र आप्पांचा नेम बरोबर बसला. 1918 मध्ये दादासाहेबांनी इथेच भांडवलवाल्या भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली. लवकरच खटके उडाले आणि ज्या माणसाने सिनेमा इथे आणला तो सगळं सोडून काशीला गेला. नाटक लिहीत बसला. ओटीटी नव्हतं, पण पैसेवाला आणि कलावंत यांचं भांडण होतंच.

तरी मला कंपनीची बाजूही थोडी पटते. (हे घरात बोलायची सोय नाही.) काळाबरोबर बाँड बदलला नसता तर तो अजून बायकांच्या पाठीवर थापा मारत फिरला असता. आणि सोवळेपणात आपण कुठे मागे होतो? 2015 मध्ये आपल्या सेन्सॉरने 'स्पेक्टर'मधलं चुंबन निम्म्यावर आणलं होतं. पिस्तूल पूर्ण, चुंबन अर्धं.

एवढ्यात चिरंजीवांचा फोन आला. ओटीपीची मुदत संपली होती. वर सल्ला मिळाला, "बाबा, आजोबांना डॅनियल क्रेगवाला दाखवा ना. जुने फार स्लो असतात."

फोन स्पीकरवर होता.

आप्पा उठले. "फाळके काशीला गेले, मी गच्चीवर जातो," म्हणाले आणि खरंच गेले.

फाळके दोन-तीन वर्षांनी परतले. आप्पा पावणेनऊला, खिचडीच्या वासाने. तोपर्यंत आम्ही नवा ओटीपी मिळवून सिनेमा शोधून ठेवला होता, पण तो सुरू करता येईना. रिमोट आप्पांबरोबर गच्चीवर गेला होता.