हरकतीचे तीस दिवस

नगरपालिकेची नोटीस आईने पंचांगात घालून ठेवली होती. दिवाळीला गावी गेले तेव्हा हाती लागली. घरपट्टी २,१४० वरून थेट ७,८६०. आणि हरकत घ्यायला उरले होते नऊ दिवस.

गल्लीत सगळ्यांचं एकच, "सगळ्यांचीच वाढलीय, मोर्चा काढू." जरूर काढा, मीही येते. पण मोर्चाने फार तर दर खाली येईल. तुमच्या घराचं चुकीचं माप रजिस्टरात तसंच राहील.

दुसऱ्या दिवशी कर विभागात जाऊन आकारणीचा उतारा मागितला. आमचं ५८ चौरस मीटरचं घर तिथे ९१ झालं होतं. पुढची पडवी 'खोली', मागचा पत्र्याचा गोठा 'आरसीसी'. बाबा गेल्यापासून त्या गोठ्यात गाय नाही, फक्त सरपण आहे. मोजणीला आलेल्या मुलांनी फाटकाबाहेरून फोटो काढला आणि ती निघून गेली, असं आई सांगते.

हे नीट समजून घ्या. घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर यावरून वर्षाचं भाडं किती येईल ते ठरवतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर बसतो. सुरुवातीचा आकडाच खोटा असेल तर पुढचं सगळं गणित खोटं. आणि ही फेरआकारणी चतुर्वार्षिक असते, म्हणजे एकदा गप्प बसलात की चार वर्षं तेच बिल.

महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आकारणीच्या यादीवर हरकत घ्यायला किमान तीस दिवस दिलेत. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. टेपने घेतलेली मापं, हाताने काढलेला नकाशा, गोठ्याचे फोटो आणि जुनी पावती जोडली. आवकचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही. सुनावणीला आईला सोबत नेलं. साहेबांनी विचारलं, "दर मान्य नाही का?" म्हटलं, "दराचं नंतर बोलू साहेब, आधी माप बघा." त्यांनी ऐकून घेतलं, माणूस पाठवून जागेवर मोजणी करून घेतली. घरपट्टी ३,३१० झाली. ती आईने त्याच आठवड्यात भरली. कर भरायलाच हवा, पण आपल्या घराचा, कागदावरच्या घराचा नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या गल्लीत एकवीस घरं, हरकत घेतली तिघांनी. पलीकडच्या काकू एकट्या राहतात, निराधार योजनेच्या दरमहा पंधराशेवर. नोटीस वाचून दाखवायला घरात कुणी नाही. त्यांची मुदत गेली. आता अपील करायचं, तर मुदतीत हरकत घेतलेली असावी लागते, शिवाय मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. हरकत राहून गेली, आणि ती रक्कम तरी त्यांनी कुठून आणायची? ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत त्यांनी आज आईवडिलांना एक फोन करा आणि एवढंच विचारा, पालिकेचा काही कागद आलाय का.

काकूंचं घर मी रविवारी मोजलं. उताऱ्यावर ४४ चौरस मीटर आहे. टेपवर ३१ भरलं.