आईला बाहेर बसवणारी थेरपी

आज दुपारी एका ओळखीच्या बाईंचा फोन आला, नुसत्या रडत होत्या. मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान नुकतंच झालंय. सेंटरवाल्यांनी पॅकेजचे सगळे पैसे आधीच भरून घेतले, "सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो" म्हणाले आणि आता आईला आत येऊ देत नाहीत. पोरगं आत टाहो फोडतंय, ही बाहेर बाकड्यावर. विचारलं तर म्हणे, "मॅडम, तुम्ही असलात की तो नाटकं करतो." ज्या पोराला अजून पाणी मागता येत नाही ते नाटकं करतं??

डोकं फिरलंय माझं तेव्हापासून.

आमच्याकडे कुकरचं मोठं प्रकरण होतं. शिट्टी झाली की लेक कान दाबून किंचाळायचा, डोकं भिंतीवर आपटायचा, सासूबाईंनी तर वरणाची डाळ साध्या पातेल्यात शिजवायला घेतली होती. आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमायला शिकवणाऱ्या) ताईंनी मला त्याच्या शेजारीच बसवलं आणि विचारलं, घरात दिवस कुठे अडतो? म्हटलं, कुकरपाशी. त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी कापली, त्यावर वेल्क्रोने तीन शिट्ट्यांची चित्रं लावली. एक शिट्टी झाली की त्याने एक चित्र काढून डब्यात टाकायचं, तिसरं निघालं की गॅस बंद. (गॅस मीच बंद करायचे, लगेच काळजीचे मेसेज नकोत.) सुरुवातीला कानाला हेडफोन. आवाजाचा त्रास होताच, पण शिट्टी कधी होईल आणि अजून किती होतील हे कळत नव्हतं त्याने तो जास्त बिथरायचा. पुठ्ठा आणि वेल्क्रो, खर्च काय तो!

आणि मी त्या खोलीत नसते तर ती पट्टी घरी कोण वापरणार होतं? थेरपिस्टकडे मूल तासभर असतं हो, बाकी दिवसभर आपल्याकडेच ना.

काही मुलं आई समोर नसली की जास्त शांत बसतात, मान्य. मग आईला काचेतून बघू द्या, सेशननंतर दहा मिनिटं बोला. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

नवीन आईबाबांनो, पैसे भरायच्या आधी रजिस्ट्रेशन विचारा. स्पीच थेरपिस्ट किंवा स्पेशल एज्युकेटर असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नंबर, ओटी असेल तर राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलचा. विचारताना लाजू नका, भाजी घेताना दहा प्रश्न विचारतो आपण. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी (मुलांमधल्या अशा अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) असतं, तिथे तपासणी आणि थेरपी फुकट. गर्दी असते, तारीख लांबची मिळते, तरी नाव घालून ठेवा. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट झालं की निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, त्यात थेरपीचाही थोडा खर्च मिळतो. एडीएचडीवाल्यांना (लक्ष टिकत नाही, अतिचंचल अशी मुलं) मात्र त्यात जागा नाही, त्यांनी कुठे जायचं देव जाणे. बोलत नसेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो ॲप बघा, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही. "मग तो कधीच बोलणार नाही" म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. आमचा "कुकर नको" हे आधी चित्रावर बोट ठेवूनच म्हणाला आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते.

आणि हो, फॅमिली ग्रुपवर स्टेम सेल उपचाराच्या जाहिराती टाकणारे काका. आयसीएमआरच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाईडलाईन्स बघा, ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाहीये. लोक दागिने मोडतात हो त्यापायी. तुमचा हेतू चांगला असतो, कळतं मला. तरीही टाकू नका.

सासूबाई आता कुकर लावायच्या आधी नातवाला हाक मारतात, "बाळा, पट्टी आण रे." त्यांना कुठल्या सेंटरने शिकवलं नव्हतं, बघून बघून शिकल्या. बघू दिलं म्हणून शिकल्या.

उद्या त्या बाईंबरोबर मी सेंटरवर जातेय, उरलेल्या सेशन्सचे पैसे परत मागायला. पावती दिलेली नाही, फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे. असे पैसे कोणी परत मिळवले असतील तर काय बोललात, काय लिहून दिलंत ते रात्रीतच कमेंटमध्ये टाका.