हातावरचे डाग, अंगाची खाज आणि साठीनंतरचा तो मेसेज

साठी ओलांडलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हातावर जांभळे डाग आले म्हणजे रक्त फार पातळ झालंय, रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा. अंगाला खाज सुटते ती रक्त अशुद्ध झाल्यामुळे, तेव्हा कडुलिंबाचा रस प्या आणि कढत पाण्याने अंग घासून आंघोळ करा. नखं एकमेकांवर घासली की पांढरे केस काळे होतात. आणि नखांवर उभ्या रेषा दिसल्या की किडनी गेली समजा.

यातला पहिला सल्ला जिवावर बेतू शकतो. पंचाहत्तरीच्या माणसाचा हात उजेडात धरून पाहा. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली असते, खालच्या शिरा स्पष्ट दिसतात. वयाने आणि आयुष्यभराच्या उन्हाने त्वचेला बळकटी देणारं कोलॅजन नावाचं प्रथिन घटतं आणि बारीक रक्तवाहिन्यांचा आधार जातो. मग दाराची कडी लागली, कुणी दंड धरून उठवलं, एवढ्यानेही आत रक्त पसरतं. डाग दुखत नाही. एक-दोन आठवड्यांत ओसरतो, कधी मागे तपकिरी छटा ठेवतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड चालू असेल तर असे डाग जास्त येतात, हे खरं. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेल्या माणसाने मनानेच गोळी थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. असा सल्ला न वाचता पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हिरड्यांतून रक्त येत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल किंवा पायांवर, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गोळीचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

खाजेचं कारण बहुतेक वेळा रक्तात नसून कोरड्या कातडीत असतं. वयाबरोबर तैलग्रंथी मंदावतात, त्वचेत पाणी टिकत नाही. रात्री आजोबांचे मोजे काढले की चादरीवर पांढरा कोंडा पडतो आणि नडगीवर बारीक भेगांची जाळी दिसते. अशा कातडीवर कढत पाणी आणि घासणी म्हणजे उरलंसुरलं तेलही धुऊन टाकणं. रस पिऊन यात काडीचा फरक पडत नाही. रक्तातली घाण काढायचं काम मूत्रपिंड आणि यकृत करतातच. पाणी कोमट घ्यावं, आंघोळ लवकर आटपावी, साबण काखा, जांघा आणि पावलांपुरताच ठेवावा. अंग टिपून घेतलं की ते जरा ओलसर असतानाच व्हॅसलीन, साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावावं. मात्र हे बाथरूमच्या फरशीवर उभं राहून करू नये, खोलीत खुर्चीवर बसून करावं. तेलकट तळव्याने पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तर खाज परवडली असं होतं.

मेसेजमध्ये सत्याचा एक कण आहे. कोरडेपणा नाही, पुरळ नाही आणि तरी सर्वांगाला आठवडेच्या आठवडे खाज येत असेल, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि रक्ताच्या तपासण्या करायलाच हव्यात. रात्री खाज वाढते आणि घरात इतरांनाही सुटली आहे, तर आधी खरजेचा संशय घ्यावा. ती औषधाने बरी होते, पण औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं.

केसांचं लवकर सांगते. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी संपत जातात, म्हणून केस पांढरे होतात. नखं घासून त्या परत येत नाहीत.

उभ्या रेषा वयाच्याच आहेत. नखंही वयाबरोबर मंद होतात. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 35 वर्षं आपल्या अंगठ्याच्या नखाची वाढ मोजली. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ती रोज 0.123 मिलिमीटर होती, सदुसष्टाव्या वर्षी 0.095 वर आली. पायाची नखं तर जाड आणि पिवळट होतात. तरी प्रत्येक पिवळं नख बुरशीचं नसतं, त्यामुळे महिनोन्‌महिने गोळ्या घेण्याआधी नखाचा खरवडा तपासून घ्यावा. मधुमेह असेल तर अशी नखं घरी ब्लेडने तासू नयेत. नजर अधू, पायाला बधिरपणा, आणि छोट्या जखमेचं मोठं दुखणं होतं.

ज्या रेषेला खरंच घाबरायला हवं, तिचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. आपल्याकडे सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिकट काळ्या रेषा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी असतात. पण उतारवयात एकाच नखात, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याच्या, नवा काळा पट्टा आला, तो रुंदावत गेला किंवा काळेपणा नखाशेजारच्या कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. तो क्वचित मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग असतो, आणि लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता खूपच जास्त असते.