दोन कानाखाली वाजवा की साहेब!

बुधवारी रात्री माझ्या दुकानासमोर हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते आहे.

माझं औषधाचं दुकान आहे. पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, एवढंच सांगते, कारण त्या घरातल्या बाईंना ओळखणारे इथे बरेच आहेत. त्यांचा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा भर रस्त्यात उभा होता. हातात फरशीचा तुकडा. एका रिक्षाची काच फोडून झाली होती आणि जो जवळ येईल त्याच्यावर तो धावून जात होता. दोन्हीकडे गाड्या तुंबलेल्या, हॉर्न चालू, निम्म्या लोकांनी मोबाइल वर धरलेले.

गस्तीवरच्या पोलिसांची, बीट मार्शलची, मोटरसायकल आली. मागे बसलेला कोवळा शिपाई उतरला तोच काठी घेऊन. गाडी चालवणारे हवालदार पन्नाशीचे असावेत. त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. आधी हॉर्न बंद करायला लावले, गर्दी मागे हटवली, आणि स्वतः त्या मुलापासून आठ-दहा पावलांवर डिव्हायडरवर जाऊन बसले.

"नाव काय बाळा तुझं?"

शिवी आली.

"बरं. जेवलास का?"

असं वीस-पंचवीस मिनिटं चाललं होतं. मध्ये मी जाऊन त्यांना हळूच सांगितलं की याच्या डोक्याच्या गोळ्या चालू असतात, दोन महिने झाले घरचं कोणी न्यायला आलं नाही. ते म्हणाले, "ताई, आईला बोलवा, पण एकदम पुढे येऊ देऊ नका." शेवटी त्या मुलाने पाणी मागितलं. बाटली उघडायला दोन हात लागतात, फरशी खाली ठेवावी लागली. शिपायाने ती पायाने बाजूला सारली. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही.

आणि गर्दी नाराज होऊन पांगली. "असले पोलिस असतील तर धाक राहील का कुणाला?" हे म्हणणारे गृहस्थ माझं रोजचं गिऱ्हाईक, अतिशय सज्जन माणूस.

मी त्यांना दोष देत नाही, कारण एप्रिल २०२० मध्ये मीही तशीच होते. लॉकडाउनमध्ये रस्त्यावर दिसलेल्या माणसांना काठीचे फटके बसतानाचे व्हिडिओ मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले आहेत. मग एके दिवशी आमच्या दुकानात काम करणारा मुलगा पायावर वळ घेऊन आला. त्याच्या खिशात पास होता. तो काढेपर्यंत दोन फटके बसले होते. त्याने तक्रार केली नाही, मीही केली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आपली भाषाच बघा ना. मार खाल्ला म्हणत नाही आपण, 'प्रसाद मिळाला' म्हणतो, 'पाहुणचार झाला' म्हणतो. वर्तमानपत्रात 'सौम्य लाठीमार' असतो. ज्याच्या पाठीवर बसला त्याला विचारा सौम्य म्हणजे काय. आणि 'खाक्या दाखवताच पोपटासारखा बोलू लागला' हे तर बातमीत कौतुकाने छापलं जातं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही, हा नियम आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून आहे. कबुलीसाठी मारहाण करणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत चोरीच्या आरोपातला एक तरुण कोठडीतल्या मारहाणीत मेला आणि त्याचं प्रेत आंबोलीला नेऊन जाळलं गेलं, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला. पण त्या कोठडीपर्यंत जाणारा रस्ता आपल्या टाळ्यांमधूनच जातो, हे मला आता पटलं आहे.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कोयता घेऊन गाड्या फोडत जाणारी पोरं आमच्या भागानेही पाहिली आहेत. अशांची त्याच गल्लीतून पोलिसांनी धिंड काढली की लोक गॅलरीतून टाळ्या वाजवतात, आणि त्यामागची सुटकेची भावना मला कळते. पण २७ जून २०२३ आठवा. सदाशिव पेठेत सकाळी एका मुलीवर कोयता उगारला गेला आणि रस्त्यावरच्या एका तरुणाने तो धरला म्हणून ती वाचली. त्यानंतर तीन पोलिस निलंबित झाले ते मारलं नाही म्हणून नव्हे, जवळच्या चौकीत हजर नव्हते म्हणून. आपल्याला हवा आहे तो वेळेवर पोचणारा पोलिस. हात उचलणारा पोलिस आणि वेळेवर पोचणारा पोलिस ही एकच गोष्ट आहे असं आपण का धरून चालतो?

बळ कधीच वापरू नये असंही नाही. फरशी कोणाच्या डोक्यात बसणार असती तर त्या हवालदारांनी झडप घातलीच असती. तो शिपाई पूर्ण वेळ त्याच तयारीत उभा होता. गरजेपुरतं बळ, हेच कायदाही सांगतो. मानसिक आजाराने भटकणाऱ्या माणसाला पोलिसांनी आधी संरक्षण द्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये टाकायचं नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट म्हणतो. त्या रात्री तसंच झालं.

विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर तासन् तास उभे राहून हेच पोलिस हात जोडून, ओरडून, प्रसंगी एखाद्या कार्यकर्त्याच्या खांद्यावर हात टाकून हजारो भांडणं पेटण्याआधी विझवतात. त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही. बुधवारचेही जे मोबाइल वर होते, त्यातला एकही व्हिडिओ मला ग्रुपवर आलेला दिसला नाही. मारलं असतं तर पाच मिनिटांत आला असता. त्या कोवळ्या शिपायाने त्या रात्री काय शिकायचं? साहेबांकडून एक आणि आपल्याकडून दुसरं?

शुक्रवारी त्या मुलाची आई गोळ्या न्यायला आली. पैशांची ओढाताण होती, म्हणून थांबल्या होत्या. त्याचं आम्ही बघितलंय. जाताना म्हणाल्या, हवालदारांचा फोन आला होता, पोरगा जेवतो का विचारायला.

त्या हवालदारांच्या कामाबद्दल मी पोलिस आयुक्तांना पत्र लिहिलं आहे. बुधवारी जे तिथे होते, 'वाजवा' म्हणणारेसुद्धा, त्यांनी उद्या रात्री नऊपर्यंत दुकानात येऊन सही करावी. पत्र काउंटरवर ठेवलं आहे.