अ‍ॅम्ब्युलन्सच्या फॉर्ममधले 18 श्वास

कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, अ‍ॅम्ब्युलन्समधून आलेल्या नोंदीत श्वासाचा वेग बहुतेक वेळा मिनिटाला 18 नाहीतर 20, म्हणजे धडधाकट माणसाचा असतो तसा, लिहिलेला असतो. धाप लागलेल्या आजोबांचाही 18, तापाने फणफणलेल्या पोराचाही 18. हा आकडा मोजलेला नसतो. बोटाला यंत्र लावलं की पल्स आणि ऑक्सिजन दिसतो, बीपी मशीन सांगतं. श्वास मात्र छातीकडे बघत, घड्याळ धरून, पुरा मिनिटभर मोजावा लागतो. रकाना रिकामा तर ठेवता येत नाही. मग 18.

मी बेळगावात नर्स आहे, इएमटींच्या, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पेशंटला सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांच्या, ट्रेनिंगला शिकवायलाही जाते. या पोरांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ट्रेनिंगच तसं आखलेलं असतं. सकाळी एक जण येऊन एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन, म्हणजे श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण तपासणं शिकवतो. दुपारी दुसरा येऊन नोंदीच्या टॅबवर लॉगिन कसं करायचं, कुठल्या रकान्यात काय भरायचं ते दाखवतो. पेशंट तपासणं वेगळं आणि नोंद करणं वेगळं, हे त्या एका दिवसातच डोक्यात पक्कं बसतं. पुढे तपासणी होते ती फॉर्म पूर्ण भरला का, एवढीच.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे. कर्नाटकात 2008 पासून 108 'आरोग्य कवच' ही सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स सेवा धावतेय. कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात गेलं की तिथल्या 108 मध्ये डॉक्टर असतो. आपल्या गाडीत पेशंटजवळ बसलेला इएमटी हाच पहिला तपासणारा. कणकुंबीकडून शहरात येईपर्यंत तासभर तरी पेशंट त्याच्या एकट्याच्या नजरेसमोर असतो. तेवढ्या वेळात पेशंट सुधारतोय की खालावतोय, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.

पावसाळ्यात खानापूरकडून पहाटे एक बाई आल्या. जमिनीवर झोपलेल्या, रात्री पोटात कळा आणि उलटी. घरचे म्हणाले, पित्त झालंय. कुठे सूज नाही, दंशाची खूण नाही. इएमटीला पापण्या जड दिसल्या आणि त्याने मण्यार साप चावल्याचा संशय धरला; त्या विषाने श्वासाचे स्नायू हळूहळू दुबळे होतात. मग म्हणाला, "मावशी, एका दमात आकडे म्हणा बघू." पहिल्यांदा त्या 24 पर्यंत गेल्या. वाटेत परत म्हणायला लावलं, 15. आमच्या दारात पोचताना 9. तिन्ही वेळा टॅबमध्ये वेळेसकट नोंदलेलं. ऑक्सिजन तेव्हाही 97 होता! तेवढाच आकडा पुढे आला असता तर पोटदुखीचा पेशंट म्हणून त्यांना बाकावर बसवलं गेलं असतं. त्या नोंदीमुळे व्हेंटिलेटर तयार ठेवून एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लगेच सुरू झालं, आणि बाई चालत घरी गेल्या. मी हे प्रत्येक वर्गात सांगते.

पक्षाघाताचंही तसंच. "कधी झालं?" विचारलं की घरचे "सकाळी" म्हणतात, कारण सकाळी उठवायला गेल्यावर त्यांना कळलं. विचारायचं असतं ते वेगळंच: रात्री यांना धड बोलताना शेवटचं कुणी बघितलं, आणि तेव्हा किती वाजले होते? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायची साडेचार तासांची मुदत तिथून मोजतात. टॅबमध्ये नुसतं 'सकाळी 7' आलं की पुढचा सगळा हिशोबच चुकतो. हा प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये दहा-दहा वेळा तोंडाने म्हणून घ्यायला हवा. स्लाइडवर वाचून तो येत नाही.

रेंजचंही बोललं पाहिजे. चोर्ला घाटात, जांबोटीच्या जंगलात नेट नसतं. तिथे केलेली नोंद टॅबमध्ये साठून राहिली पाहिजे आणि वेळ तपासल्याची पडली पाहिजे, नेट आल्यावर अपलोड झाल्याची नव्हे. शिवाय आपले कितीतरी पेशंट कोल्हापूरला नाहीतर गोव्याला जातात. आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, देशभर 2021 पासून आहे, पण दारात उभ्या डॉक्टरला त्या क्षणी हव्या असतात चार गोष्टी: काय झालं, कधी झालं, काय सापडलं, काय केलं. नोंद नीट केलेली असली की त्या सांगायला अर्धा मिनिट पुरतो.

माझं म्हणणं एवढंच की टॅब पहिल्या दिवसापासून हातात द्या, पण पेशंटच्या खाटेशेजारी. मिनिटभर श्वास मोजा, लगेच लिहा, दहा मिनिटांनी परत मोजा, पहिल्या आकड्याशी ताडून बघा. आणि आम्ही हॉस्पिटलवाल्यांनी त्यांना पेशंटचं पुढे काय झालं ते कळवायला हवं. दारात सोडलेल्या माणसाचं निदान काय निघालं, हे बहुतेक इएमटींना कधीच कळत नाही. मग आपण टिपलेलं बरोबर होतं की चूक, हे त्यांना समजणार कसं? आठवड्यातून एकदा त्यांच्या पाच-सहा नोंदी घेऊन एखाद्या सीनियर सिस्टरने त्यांच्यासोबत बसावं. याला पैसे लागत नाहीत.

निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरीकडे गाडीवर असलेल्या दादा-ताईंनी कमेंटमध्ये जरूर लिहा, तुम्हाला कुठलं हॉस्पिटल असं परत कळवतं का?